बेबीला भीती वाटली नाही

माझ्या नणंदेला घरात बेबी म्हणतात. पन्नाशीला टेकलेली बाई, केस निम्मे पिकलेले, अंगानं माझ्या दुप्पट, आणि नाव बेबी. तिच्या आईनं लाडानं ठेवलं ते चिकटलं. तिला स्वतःला त्याचं काही वाटत नाही. "म्हातारपणी शोभेल की," म्हणते, "तेव्हा तोंडात दात नसतील." दातांवर ती बोलणारच, कारण पोट त्यांच्यावर चालतं. ती कवळ्या बनवते.

अख्खी कवळी ती एकटी करत नाही म्हणा. लॅबमध्ये कामं वाटलेली असतात. दातांच्या डॉक्टरकडून तोंडाचा साचा येतो, कुणी त्यात प्लॅस्टर ओततं, शेवटी कुणी घासून चकचकीत करतं. मधलं काम बेबीचं, मेणाच्या पट्टीवर एकेक दात बसवायचा. समोरच्या दातांपैकी एखादा ती मुद्दाम किंचित वळवते. सगळे दात एका रांगेत शिस्तीत उभे राहिले की माणूस हसला तरी पटत नाही, असं तिचं म्हणणं. मेण गार व्हायच्या आत दात बसला पाहिजे, म्हणून ती स्टुलावरून हलायची नाही. उठावं लागतं म्हणून पाणीसुद्धा बेतानं प्यायची.

आता तिच्या दुखण्याचं सांगते. तिशीत असताना एक दिवस ती भाजी घ्यायला गेली आणि भर रस्त्यात तिला वाटलं की आपण आता मरणार. छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, श्वास छातीच्या वरच अडकलेला. पिशवी टाकून पळत घरी आली. कारण विचाराल तर काही नाही. ना कुणी मेलं होतं, ना कुणी सोडून गेलं होतं. पण तिथून जे सुरू झालं ते वर्षानुवर्षं. आधी हे झटके, मग झटक्यांच्या धास्तीनं घराबाहेर न पडणं, मग अंथरुणातूनच न उठणं. तिचा दादा, म्हणजे माझा नवरा, तिला घेऊन हॉस्पिटलात धावायचा. हृदयाचा आलेख काढायचा, तो व्यवस्थित यायचा, आणि परत यायचं. तिथल्या नर्सा तिला ओळखायला लागल्या होत्या. एकीनं तर दारातच "आलात का?" म्हणून विचारलं, पाहुणी आल्यासारखं. बेबी त्या दिवशी घरी येऊन रडरड रडली.

शेवटी मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई चांगल्या. गोळ्या दिल्या, आणि आम्हा घरच्यांना समोर बसवून समजावलं, की प्रत्येक भीतीला हॉस्पिटल दाखवलं तर भीती सोकावते. लाट येते, चढते आणि उतरते. ती उतरेपर्यंत हिच्या हाताला काम द्या आणि थांबा. त्या आणखीही एक गोष्ट म्हणाल्या होत्या, की नवीन काही दुखलं-खुपलं तर मात्र तपासून घ्या. पण पहिली गोष्ट आमच्या घरात कायदा झाली आणि दुसरी दारातच राहिली.

कायदा करणारा अर्थात दादा. मी त्याला तोंडावर अहो म्हणते आणि मागं दादा म्हणते, सगळेच म्हणतात म्हणून. त्याची मोटार शिकवायची शाळा आहे. जन्मभर दुसऱ्याच्या शेजारी बसून स्वतःच्या पायाखाली जादा ब्रेक ठेवलेला माणूस तो. त्याला सिग्नल कळतो, लाल म्हणजे लाल आणि हिरवा म्हणजे हिरवा. बेबीचा श्वास लागला की घरात कुणी 'काय होतंय' असं विचारायचं नाही. मुकाट्यानं तिच्यापुढं सोलायला वाटाणे नाहीतर घडी घालायला कपडे ठेवायचे. मला सुरुवातीला हे राक्षसी वाटलं. पण लागू पडलं हो! खोटं कशाला बोलू? वर्षा-दोन वर्षांत ती कामावर परतली, मग दोन गल्ल्या पलीकडं स्वतःची खोली घेऊन राहायला लागली. झटका आला तर स्वतःच म्हणायची, "लाट आहे, जाईल," आणि कपड्यांच्या घड्या घालायची. तिच्याइतकं नीट घड्या घातलेलं कपाट मी दुसरं पाहिलं नाही.

मग तो पाय मुरगळला. लॅबच्या पायरीवरून घसरली, घोट्याला पट्टा बांधला, आणि कितीतरी दिवस पाय स्टुलावर ठेवून घरी बसली. बरं वाटल्यावर पुन्हा कामावर, म्हणजे पुन्हा बसणंच. पोटरी दुखायची, फुगलेली होती. मुरगळलेला पाय आहे, दुखणारच, असं ती म्हणाली आणि आम्हीही तेच म्हणालो.

एका रविवारी ती आमच्याकडं जेवायला आली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. जिन्याच्या वळणावर ती थांबली ते मला वरून दिसलं. आत आली, बसली आणि म्हणाली, "वहिनी, श्वास पुरत नाहीये गं." मी काही बोलायच्या आत दादानं वाळलेल्या कपड्यांची बादली तिच्यापुढं सरकवली. तीही सवयीनं चादरीची टोकं जुळवायला लागली. थोड्या वेळानं हात थांबवून म्हणाली, "गंमत बघ दादा. श्वास लागतोय, पण भीती वाटत नाहीये."

दादा खुर्चीतून उठलाच! "काय म्हणालीस? परत म्हण."

"भीती नाही वाटत. नुसता श्वास कमी पडतोय."

"शाब्बास! जिंकलीस तू!" असं म्हणून त्यानं तिच्या पाठीवर थाप मारली. तिला आधीच श्वास नाही, त्यात ही थाप. मग त्यानं मावशीला फोन लावला, की आपली बेबी बरी झाली, झटका आला पण घाबरली नाही. इतक्या वर्षांच्या मेहनतीचं चीज झालं म्हणाला. आम्हा सगळ्यांनाच बरं वाटलं. बेबीही हसत होती, जरा दमलेली दिसत होती एवढंच. दुसऱ्या कुठल्याही घरात श्वास लागलेल्या बाईला लोक डॉक्टरकडं नेतात. आमच्या घरात तिचं अभिनंदन झालं.

एवढ्यावर थांबला तर तो दादा कसला? संध्याकाळी तिला बागेत फिरायला घेऊन गेला. भीती गेलीय, आता दम वाढवायचा, म्हणे. दोन फेऱ्या मारून ती बाकावर बसली. ओठ काळसर दिसत होते. थंडी आहे, असं दोघांनी ठरवलं.

मंगळवारी ती लॅबमध्ये स्टुलावरून पडली. एका हातात मेणाची सुरी, दुसऱ्या हातात कुणाची तरी वरची दाढ. लॅबचे मालक एरवी दिवसभर शीळ घालत असतात. ते आणि घासकाम करणारा, दोघांनी तिला खुर्चीत घालून खाली आणलं आणि हॉस्पिटलात पोचवलं. आम्ही पोचलो तेव्हा एक तरुण डॉक्टर तिच्या पर्समधली गोळ्यांची पाकिटं उलटसुलट करून बघत होता. मनाच्या आजाराच्या गोळ्या बघितल्या आणि त्याचा चेहरा सैल पडला. "घाबरल्या असतील," तो नर्सला म्हणाला.

बेबीचा एकेक शब्द सुटा निघत होता. "घाबरले असते... तर ओरडले असते. मी... ओरडतेय का?"

आमची बेबी मुळात मवाळ. तिला असं कुणाला फटकन बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टर चपापला. पोरगा होता, पण शहाणा. त्यानं तिचा पाय बघितला, पोटरी दाबली, बोटाला रक्तातला प्राणवायू मोजायचं यंत्र लावलं आणि मग जी धावाधाव सुरू झाली ती विचारू नका. स्कॅनमध्ये दिसलं, दोन्ही फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या. पोटरीत तयार झालेल्या, रक्तातून वर सरकत गेलेल्या. आणखी थोडा उशीर झाला असता तर, असं म्हणून मोठ्या डॉक्टरांनी वाक्य सोडून दिलं. आम्हाला पुढचं कळलं.

दादा बाहेर बाकावर बसून होता. समोरून कुणीही गेलं की सांगायचा, "मी तिला बागेत चालवलं हो." वॉर्डबॉयला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं. मी म्हटलं, "अहो पुरे, आता सगळ्या मजल्याला कळलं." त्याला ऐकूच गेलं नाही.

बेबी वाचली. आधी इंजेक्शनं, मग रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, त्या कित्येक महिने घ्यायच्या. गुठळ्या हळूहळू विरघळतील, दम हळूहळू भरेल, असं सांगून तिला घरी सोडलं. घर म्हणजे आमचं. तिच्या खोलीला दादानं परस्पर कुलूप लावलं होतं.

आणि मग आमच्या घरात खरं दुखणं सुरू झालं, ते दादाचं.

त्यानं बोटाला लावायचं ते यंत्र विकत आणलं. सकाळी लाव, जेवणाआधी लाव, जेवणानंतर लाव. ती न्हाणीघरात गेली की हा दाराबाहेर उभा. खोकली की हा हातातलं टाकून तिच्यापुढं हजर. आधी श्वास हा शब्द घरात काढायचा नाही असा कायदा होता, आता दुसरा शब्दच नाही. बेबी बिचारी कपडे घडी करायला बसली तर त्यानं तिच्या हातातली चादर ओढून घेतली. "तू कर ना काहीतरी," ती मला म्हणाली. मी काय करणार? त्याच्या पायाखाली ब्रेक आहे असं त्याला वाटत होतं आणि तो सारखा दाबत होता.

त्यातच तिची भीती परत आली. येणारच होती. मरणाच्या दारातून आलेल्या माणसाला भीती वाटली नाही तरच नवल. पण आता घोळ असा झाला की श्वास अडला की तो कशानं अडलाय हेच कळेना. तिला कळेना, आम्हालाही कळेना. दादा तिला उचलून हॉस्पिटलात न्यायचा, तपासण्या ठीक यायच्या, परत यायचं. पुन्हा पहिल्यासारखं. मानसोपचाराच्या बाईंकडे गेलो तेव्हा बेबीनं सरळच विचारलं, "भीतीचा श्वास कुठला आणि गुठळीचा कुठला, हे मी ओळखायचं कसं?"

"दर वेळी नाही ओळखता येणार," बाई म्हणाल्या. "मलाही नाही येणार."

दादा पुढं सरसावला. "पण भीती वाटली म्हणजे गुठळी नाही, एवढं तर धरायचं ना?"

"छे! असा काही नियम नाही. गुठळी झालेली माणसंही घाबरतात. शंका आली की तपासायचं. तपासून झालं की आपल्या कामाला लागायचं."

दादाचं तोंड उतरलं. लाल नाही, हिरवा नाही, असला सिग्नल त्याच्या शाळेत नव्हता. बेबीनं मात्र बाईंचं शेवटचं वाक्य उचललं. घरी आल्या आल्या म्हणाली, "येत्या सोमवारपासून मी कामावर जाणार. आणि माझ्या खोलीवर राहणार."

तेव्हा दादानं कबूल केलं, की त्यानं लॅबच्या मालकांना केव्हाच सांगून टाकलंय, दुसरं माणूस बघा म्हणून.

बेबीनं पर्स खाली ठेवली. मग म्हणाली, "दादा, त्या दिवशी स्टुलावरून पडले तेव्हा मी मेले नाही. तू का मला मारतोयस?"

"माझ्या प्रेतावरून जा कामाला!" दादा ओरडला.

"प्रेतावरून कशाला," मी म्हटलं, "जिन्यावरून जाईल." मला राग आला होता. दोन खोल्यांच्या घरात एका बाईचं अख्खं आयुष्य कोंबून वर तिलाच दम द्यायचा म्हणजे काय? ही बाई दातांशिवाय दुसरं काही जाणत नाही. ते काढून घेतलं तर हिच्याकडं उरतं काय? भीतीच की! दादा तिरीमिरीत गॅलरीत गेला. सोमवारी सकाळी बेबी जिन्यावरून गेली.

मालकांनी दुसरं माणूस बघितलंच नव्हतं. तिचं काम ते स्वतः करत होते आणि दातांचे डॉक्टर वैतागले होते. "सगळी गिऱ्हाईकं सारखीच हसायला लागली होती," ते म्हणाले. त्यांनी बेबीला एकच अट घातली, की अधूनमधून उठायचं, व्हरांड्यात फेरी मारायची, मेण गार झालं तर झालं. उठायची वेळ झाली की ते शीळ घालायचे थांबतात. बेबीला ते कळतं, ती उठते.

दादा तिच्याशी बोलत नव्हता. बोलत नव्हता म्हणजे, फोन करून "जेवलीस का?" एवढं विचारायचा आणि ठेवून द्यायचा.

असे काही आठवडे गेले. एक दिवस दुपारी दादा एका निवृत्त काकूंना गाडी शिकवत होता. मीही गाडीत मागं बसले होते, त्याच वाटेवर मला बँकेत उतरायचं होतं. बेबीचा फोन आला. त्यानं तो स्पीकरवर टाकला.

"दादा, श्वास लागतोय."

काकूंचं स्टिअरिंग हललं, दादानं एका हातानं ते धरलं. "भीती वाटतेय का?" त्यानं विचारलं. इतक्या आशेनं विचारलं! बहिणीला भीती वाटावी म्हणून जीव टाकणारा भाऊ मी पहिल्यांदाच पाहत होते.

"वाटतेय. खूप वाटतेय."

"मग बरं आहे!" दादा म्हणाला. "मग काळजी नको. मग ते हे नाही, ते आहे. तू असं कर, हाताला काहीतरी..."

"दादा." बेबी धापा टाकत होती, पण आवाज ठाम होता. "मला काय झालंय ते तू सांगू नकोस. कधीच सांगू नकोस. नुसता ये."

दादानं समोरच्या रस्त्याकडं पाहिलं. मग काकूंना म्हणाला, "पुढून डावीकडं घ्या."

लॅबच्या दारातून बेबीला गाडीत घेतलं, पण काकूंना उतरवून स्वतः गाडी चालवावी, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. छतावर 'शिकाऊ'ची पाटी, मागं माझ्या शेजारी धापा टाकणारी बेबी, आणि काकू दुसऱ्या गिअरमध्ये हॉस्पिटलकडं निघालेल्या. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून कंटाळले. एका चौकात बेबी पुढं वाकून म्हणाली, "काकू, तिसरा टाका." काकूंनी टाकला. आयुष्यात पहिल्यांदा टाकला असावा, गाडीला असा काही हिसका बसला की श्वास आमचे सगळ्यांचेच गेले. दादानं वाटेत एक शब्द काढला नाही. बोटाला लावायचं ते यंत्र त्याच्या खिशात होतं, ते त्यानं बाहेर काढलं नाही.

हॉस्पिटलात सगळं रीतसर झालं. रक्त घेतलं, स्कॅन झाला. आम्ही तिघं पडद्याआडच्या खाटेजवळ थांबलो. बेबीचा श्वास हळूहळू सावकाश झाला होता, पण तळवे ओले होते आणि माझा हात तिनं सोडला नव्हता. डॉक्टर आले. ते नवीन होते, घाईत होते, वाईट नव्हते. रिपोर्टवर नजर टाकून म्हणाले, "काही नाही. नुसती भीती आहे. घेऊन जा घरी."

माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं दादा आता त्यांचे पाय धरतो.

दादा म्हणाला, "काही नाही म्हणता आणि भीती आहे म्हणता?"

डॉक्टर थबकले. "म्हणजे तसं घाबरण्यासारखं काही..."

"गुठळी नाही हे कळलं. त्याचे आभार मानतो," दादा म्हणाला. त्याचा आवाज जरा जास्तच मोठा होता, पलीकडच्या खाटेवरच्या माणसानं मान वळवली. "पण ती घाम येईपर्यंत घाबरलीय. वीस वर्षं घाबरतेय. ते काही नाही कसं? मीही वीस वर्षं तिला हेच सांगत आलो. तुम्ही तरी सांगू नका."

डॉक्टरांनी रिपोर्ट खाली ठेवला. मग त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि खाटेजवळ बसले. "कधीपासून होतंय?" त्यांनी बेबीला विचारलं.

बेबीनं सांगायला तोंड उघडलं आणि तिला रडू फुटलं. गुठळ्या झाल्या तेव्हा ती रडली नव्हती, सुया टोचल्या तेव्हाही नाही. आता हमसाहमशी रडत होती. दादा तिला 'रडू नकोस' म्हणाला नाही. तिच्या हाताला कामही दिलं नाही. नुसता तिच्या उशाशी उभा राहिला, डॉक्टरांचं विचारून आणि तिचं सांगून होईपर्यंत.

बाहेर आलो तर काकू अजून स्टिअरिंगवरच बसलेल्या, सीटबेल्टसकट. दादानं त्यांना शेजारच्या सीटवर बसवलं आणि स्वतः चालवायला बसला. गाडी सुरू केली. मग मागं वळून बहिणीला विचारलं, "कुठं सोडू?"

इतक्या महिन्यांत त्यानं तिला हे कधी विचारलं नव्हतं.

"कामावर," बेबी म्हणाली.